गुरुजींची मारुती: एका नावाचं प्रकरण

पुरातून निघालेल्या गाडीकडे गेलं की मी आधी रेघ शोधतो. पाणी ओसरताना गाळाची एक रेघ पत्र्यावर ठेवून जातं. आमच्या धंद्यात, म्हणजे मोटार विम्याच्या सर्व्हेच्या धंद्यात, अशा तीन रेघा असतात: कार्पेटपर्यंत, सीटपर्यंत आणि डॅशबोर्डपर्यंत. पहिली असेल तर गाडी धुऊन-वाळवून चालते. तिसरी असेल तर बहुतेक वेळा टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडण्यापलीकडची. मधली सगळ्यात वाईट, कारण तिथं मालक आणि कंपनी दोघंही आशेवर असतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात अशा रेघा मी किती बघितल्या त्याला गणती नाही. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३. त्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शुक्रवार पेठेतल्या एका गल्लीत मी एक डिझेल गाडी बघत होतो. शेजारच्या घराच्या पत्र्याच्या शेडखाली पांढरी मारुती ८०० उभी होती, चौकोनी तोंडाची, जुन्या बांधणीची. रेघ सीटच्या बैठकीवर चार बोटं.

"साहेब, ही पण बघता का?" शेडमधून एका बाईंनी विचारलं. हातात खराटा, पायात गुडघ्यापर्यंत गाळ.

पॉलिसी बघितली. नुसती थर्ड पार्टी. म्हटलं, "ताई, ह्यात गाडीच्या नुकसानीचं काही मिळत नाही."

"मिळत नाही ते माहीताय. पण विमा चालू आहे नव्हं?"

पॉलिसीवरचं नाव पुरुषाचं होतं. "वडिलांचं," त्या म्हणाल्या. "गुरुजी मागल्या वर्षी गेले. हप्ता मी भरते, चुकवत नाही."

मी "बरं" म्हणालो आणि पुढच्या गाडीकडे गेलो. अजून अकरा गाड्या बघायच्या होत्या. तिथं दोन मिनिटं थांबून एक गोष्ट सांगायला हवी होती, ती मी चार वर्षांनी सांगितली. हे प्रकरण लिहून काढायचं एक कारण तेच.

नोव्हेंबर २०२३

फोन ताईंचाच. शुक्रवार पेठेतलं घर पाडून नवं बांधायचं ठरलं होतं, शेड जाणार होती, गाडी कुठंतरी हलवायला पाहिजे होती. थोरल्या भावानं भंगारवाला आणला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारून वजनावर साडेसतरा हजार सांगितले. साधारण साडेसहाशे किलोची गाडी, त्यामानानं भाव वाईट नव्हता. आमच्याकडे भंगाराला गिऱ्हाईक कमी नाही. शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत रोज भट्ट्या पेटतात. आज दारातून गेलेलं दार पुढच्या महिन्यात कुठल्या तरी पंपाचं कास्टिंग होऊन बाहेर पडतं.

धाकटा भाऊ पुण्यात. त्याचं म्हणणं, गाडी ठेवायची, बाबांची आठवण आहे. खर्च कोण करणार म्हटल्यावर तो 'नंतर बोलू' म्हणाला. आईचं वय ऐंशीच्या पुढं, त्या काही बोलल्या नव्हत्या. ताई राजारामपुरीत राहतात. त्यांनी मला एवढंच विचारलं, "भंगारात घालायची तर घालू, पण रीतीनं घालायची. काय काय लागतं?"

मी आरसी बुकाचा फोटो मागवला. तो बघितल्यावर कळलं, इथं गाडीपेक्षा कागद जास्त पाण्यात गेलाय.

बुकात मालक म्हणून गुरुजींचं नाव. नोंदणी डिसेंबर १९९६. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. लोक त्याला पासिंग म्हणतात. गुरुजींनी २०११ ला एकदा आणि २०१६ ला एकदा पासिंग करून घेतलं होतं, पर्यावरण करासकट. त्यामुळं नोंदणी डिसेंबर २०२१ ला संपली. तोवर गुरुजींना जाऊन तीन वर्षं झाली होती. आणि पान उलटल्यावर एक जांभळा शिक्का: एका पतसंस्थेचा बोजा. १९९६ चा, न उतरवलेला.

म्हणजे मालक हयात नाही, नोंदणी मुदतबाह्य, आणि गाडी कागदावर अजून गहाण. गहाण घेणारी पतसंस्थाही तोवर अवसायनात, म्हणजे बंद करून हिशेब मिटवायला निघालेली.

थोरल्या भावाला वाटत होतं की भंगारात घातली की कटकट मिटली. खरी मेख इथंच आहे, आणि ती भल्याभल्यांना ठाऊक नसते. गाडी कापली म्हणून नोंदणी मरत नाही. ती रद्द करून घ्यावी लागते, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली. २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त स्क्रॅपिंग केंद्रात गाडी द्यायची तरी मालकाचे नाहीतर वारसाचे कागद लागतात, आणि बोजा असलेली गाडी ते घेत नाहीत. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिली तर तो साडेसतरा हजार मोजून देईल, पण गुरुजींच्या नावावरची एक गाडी सरकारी दप्तरात जिवंत राहील. उद्या तिची नंबरप्लेट दुसऱ्या कुठल्या गाडीला लागली तर चलन शुक्रवार पेठेतल्या पत्त्यावर येणार.

थोडक्यात, गाडी ठेवा नाहीतर मोडा, कागदाचं काम तेवढंच. हे मी तिघा भावंडांना एकत्र फोनवर सांगितलं. थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मरायलासुद्धा पासिंग लागतंय म्हणा की."

गाडी आली कुठून

गुरुजी पन्हाळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. १९९६ मध्ये मास्तरानं गाडी घेणं ही गल्लीत बातमी होती. किंमत दोन लाखांच्या आसपास. निम्मे फंडातून काढलेले, निम्मे पतसंस्थेचं कर्ज, पगारातून हप्ते.

ही गाडी मास्तरापर्यंत पोचली कशी, त्याचा इतिहासही मालकीच्याच भानगडींनी भरलेला आहे. छोट्या स्वस्त गाडीचं स्वप्न घेऊन संजय गांधींनी १९७१ मध्ये मारुती लिमिटेड काढली. गाडी काही रस्त्यावर आली नाही, कंपनी बुडाली. १९८० मध्ये कायदा करून सरकारनं ती ताब्यात घेतली, फेब्रुवारी १९८१ मध्ये मारुती उद्योग उभी राहिली आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला. सुझुकीनं १९७९ मध्ये जपानात आल्टो नावाची छोटी गाडी आणली होती. तिचाच ७९६ सीसीचा, तीन सिलिंडरचा अवतार गुडगावला तयार होऊ लागला. १९८३ मध्ये नोंदणी उघडली तेव्हा दहा-दहा हजार भरून लाखावर लोक रांगेत उभे राहिले. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. त्यांची गाडी आता कंपनीच्या मुख्यालयात जपून ठेवली आहे.

तोवर आपल्याकडे गाडी म्हणजे ॲम्बॅसॅडर नाहीतर फियाट. फियाट, म्हणजे नंतरची पद्मिनी, कुर्ल्याला बनायची, सोलापूरच्या वालचंदांच्या कंपनीत. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, इंजिन पुढं आणि ओढ मागच्या चाकांना. मारुतीत इंजिन आडवं, ओढ पुढच्याच चाकांना, मधला लांब शाफ्टच नाही. त्यामुळं वजन कमी, आत जागा जास्त. जेमतेम चाळीस घोड्यांचं इंजिन असूनही ती गाडी चार माणसं आणि एक पोतं घेऊन पन्हाळ्याचा चढ चढायची. जुनी मंडळी पहिल्यांदा तिला 'डबा' म्हणाली. पाच वर्षांत त्याच मंडळींच्या दारात डबे उभे होते.

१९८६ ला बांधणी बदलली, तीच गुरुजींची चौकोनी गाडी: कार्ब्युरेटर, चार गिअर, बारा इंची चाकं. १९९७ मध्ये तोंड गोल झालं, २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, जानेवारी २०१४ मध्ये गाडी बनायची थांबली. पंचवीस लाखांच्या वर विकली गेली म्हणतात तेव्हा आकडा मोठा वाटतो, पण मला त्यातली एक बाब जास्त मोलाची वाटते: तीस वर्षं इंजिनाचा पाया तोच राहिला. म्हणून आजही तिचं सामान मिळतं.

आणि ह्याच काळात कंपनीचा मालक बदलला. सुरुवातीला सुझुकीकडे २६ टक्के, १९९२ मध्ये निम्मे, २००२ मध्ये कंपनी त्यांच्या हातात आली, २००७ मध्ये सरकारनं उरलेले शेअर विकून हात झटकले. गुरुजींनी घेतलेली गाडी अर्ध्या सरकारी कंपनीची होती. एवढी मोठी कंपनी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. गुरुजींची साडेसहाशे किलोची गाडी मात्र त्यांच्या लेकीच्या नावावर जाईना.

वही

डिसेंबरात मी घरी गेलो तेव्हा ताईंनी एक लांबट वही पुढं ठेवली. शाळेतल्या हजेरीपटाची. गुरुजींनी त्यात गाडीची हजेरी लावली होती: तारीख, किलोमीटर, किती लिटर, कुठल्या पंपावर, कुठं जाऊन आलो. शेवटच्या रकान्यात शेरा. 'जोतिबा, चढाला गरम', 'नरसोबाची वाडी, सर्वजण, उत्तम', 'विद्यापीठ रस्ता, चि. शिकते आहे, क्लच'. ती 'चि.' म्हणजे ताई. त्या सारखी क्लच जाळायच्या, आणि गुरुजी ओरडत नसत, वहीत लिहीत.

सरासरी लिटरला अठरा-एकोणीस. एकदा तेरा पडलंय, तिथं लाल पेन.

१२ मे २००१ च्या ओळीत लिटर नाहीत, किलोमीटर नाहीत. फक्त: 'शेवटचा हप्ता भरला. दाखला घ्यायचा आहे.'

तो घेतला नाही. त्याच पानाला टाचणीनं पावती लावलेली होती, टाचणी गंजून कागदावर तपकिरी ठिपका पडलेला. वही माळ्यावर होती म्हणून पुरातून वाचली. ही पावती नसती तर पुढचं काही झालं नसतं.

कर्ज फिटलं की गाडी आपली झाली असं माणसाला वाटतं, आणि मनानं ती झालेलीच असते. कागदावर होत नाही. कर्ज देणाऱ्यानं फॉर्म ३५ वर दोन प्रतींत सही-शिक्का करून द्यायचा, तो आरटीओत जाऊन बोजा उतरवायचा. त्या काळात हा दाखला घ्यायला विसरलेले निम्मे लोक असतील. पासिंगच्या वेळी कुणी अडवलं नाही, म्हणून गुरुजींच्याही लक्षात राहिलं नाही.

कागद

आधी मी ताईंना ते २०१९ चं सांगितलं. खासगी गाडीच्या पॉलिसीत एक अट असते: एकट्या मालकाचा मृत्यू झाला तर पॉलिसी लगेच बंद पडत नाही, पण मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल तोपर्यंतच चालते. तेवढ्यात वारसानं ती आपल्या नावावर करून घ्यायची. गुरुजी २०१८ च्या ऑक्टोबरात गेले. त्यानंतर ताईंनी दरवर्षी दोन हजारांच्या वर रक्कम भरली, हजार सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टीचा दर तेवढाच होता, वर जीएसटी. पाच वर्षं त्यांनी गेलेल्या माणसाचा विमा उतरवला. गाडी उभीच होती म्हणून निभावलं. रस्त्यावर काही झालं असतं तर कंपनीनं पहिला प्रश्न हाच काढला असता.

ताई म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी पॉलिसी बघितली होतीसा की."

बघितली होती. मी काही बोललो नाही.

कागदांचा क्रम लावायला मला दोन दिवस लागले, कारण प्रत्येक कागद दुसऱ्याची वाट बघत होता. वारसाच्या नावावर गाडी करायला बोजा उतरायला हवा. पासिंगला विमा आणि पीयूसी हवी. पीयूसीला इंजिन सुरू हवं. तपासणीला गाडी आरटीओत न्यायची, पण नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही. आणि ह्या सगळ्याच्या आधी एक गोष्ट होती जी कुणालाच दिसत नव्हती: गाडी संगणकावर धड नव्हती. जुन्या हस्तलिखित नोंदी 'वाहन' प्रणालीत चढवताना, ज्याला बॅकलॉग म्हणतात त्यात, चासी नंबरातला एक तिनाचा आकडा आठ झाला होता. बुकात तीन, संगणकात आठ.

सुरुवात बोज्यापासून केली, कारण तो सगळ्यात लांबणार हे दिसत होतं. पतसंस्थेचं नाव इथं देत नाही. तिची पाटी उतरून बरीच वर्षं झाली. अवसायक नेमलेले, ते दुसऱ्याही चार संस्था बघणारे. दप्तर एका गोदामात, त्यातलं काही पुरात भिजलेलं. ताई आधी स्वतः तीनदा जाऊन आल्या. प्रत्येक वेळी 'खातेउतारा शोधतोय'. मग मी एक साधी युक्ती सांगितली, जी विम्याच्या दाव्यात कामाला येते: तोंडी विचारू नका, लेखी द्या, आणि पोच घ्या. अर्जाला पावतीची प्रत, हप्ते पगारातून कापल्याचा शाळेचा जुना उतारा, मृत्यूदाखला आणि ताईंचं प्रतिज्ञापत्र जोडलं. तरी पाच महिने गेले. मे २०२४ मध्ये फॉर्म ३५ वर सही मिळाली. कर्ज फिटून तोवर तेवीस वर्षं झाली होती.

दुसरा प्रश्न नावाचा. हिंदू वारसा कायद्यानं पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी, चौघांचा वाटा सारखा. गाडीचे चार तुकडे होत नाहीत, म्हणून तिघांनी एकाच्या नावे संमती द्यायची. नियमात हे फॉर्म ३१ वर होतं. मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ५६ म्हणतो. इथं साडेपाच वर्षं झालेली.

कुणाच्या नावे, ह्यावर घरात बैठक बसली. थोरला म्हणाला माझ्या नावावर करा, मी मोडून टाकतो. धाकटा फोनवरून म्हणाला, मोडायची असेल तर माझी सही नाही. ह्यावर आई पहिल्यांदा बोलल्या, मशेरी लावता लावता:

"पोरीच्या नावावर करा. तुम्ही दोघं कधी धक्का मारायला तरी आलासा काय?"

धाकट्यानं संमतीपत्र पुण्याहून कुरिअरनं पाठवलं, आणि थोरल्यानं आईसमोर तिथंच सही केली. ह्या प्रकरणातलं सगळ्यात लवकर झालेलं काम हे.

लोखंड

कागद फिरत असताना गाडी शिवाजी उद्यमनगरात होती. गुरुजींचा नेहमीचा मेस्त्री, वय सत्तरीला आलेला, शेड दहा बाय वीसची, आत लेथ आणि बाहेर दोन गाड्या मावतील एवढी जागा. कोल्हापुरात जुनी गाडी ठेवायचं धाडस लोक करतात ते ह्या एका वस्तीच्या जिवावर. इथल्या यंत्रधंद्याचा पाया घालणाऱ्या म्हादबा मेस्त्रींचं गाव आहे हे. भाग मिळत नाही म्हटलं की इथं माणूस रडत नाही, नमुना घेऊन पलीकडच्या गाळ्यात जातो.

टोइंगच्या गाडीवरून मारुती उतरवली तेव्हा मी मेस्त्रींना विचारलं, "चालंल का ही?"

"न चालायला काय झालंय तिला? पाणी पिलीया, दारू न्हाई."

पूर आल्यापासून कुणी किल्ली फिरवली नव्हती, ही ह्या गाडीची पुण्याई. पाणी गेलेल्या गाडीला आशेनं स्टार्टर मारला की आत राहिलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि दहा हजारांचं काम पन्नासाचं होतं. मेस्त्रींनी आधी तिन्ही प्लग काढले. मग खालचा नट सैल करून ऑइल सोडलं. पहिल्यांदा आलं स्वच्छ पाणी, पेलाभर. मागोमाग दुधाळ चहासारखं काहीतरी. शेवटी काळं. ते तिन्ही रंग एका तसराळ्यात वेगवेगळे थर करून बसलेले मी बराच वेळ बघत होतो.

प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओतून चार दिवस ठेवलं. पाचव्या दिवशी क्रँकच्या पुलीला पाना लावून मेस्त्री वाकले. झटका नाही, जोर नाही, नुसतं अंग टाकलेलं. अर्धा मिनिट काही नाही. मग पाना सावकाश, घड्याळाच्या काट्याएवढा सरकला आणि आतून ओल्या वाळूवर चप्पल घासावी तसा आवाज आला. "सुटलं," मेस्त्री म्हणाले, आणि पाना काढून चहा सांगितला.

बाकीचं काम सांगण्यासारखं नाही, सगळ्या पुराच्या गाड्यांचं असतं तेच. टाकी उतरवून धुतली, मागचे ड्रम चिकटले होते ते हातोडीनं उचकटले, वायरिंग जुन्या बाजारातून आणून पूर्ण बदललं. पत्रा मात्र खोटं बोलत होता. वरून ठीक, आणि कार्पेट उचललं तर ड्रायव्हरच्या पायाखाली वीतभर भोक. तिथं नवा पत्रा वेल्ड केला. तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन थोडं कमी लागलं, ते तसंच ठेवलं. एकंदर सेहेचाळीस हजार. त्यात मेस्त्रींची मजुरी किती, तर त्यांनी सामानाचीच बिलं दिली. मजुरीचं विचारल्यावर म्हणाले, "गुरुजींनी माझ्या दोन पोरांस्नी शिकवलंय. ते खातं आमचं आमी बघतो."

माझा हिशेब वेगळा होता, आणि मी तो ताईंना लिहून दिला होता. कागद साफ असलेली, चालती अशी गाडी तेव्हा कोल्हापुरात पस्तीस-चाळीस हजाराला मिळायची. दुरुस्तीला सेहेचाळीस. पासिंगची फी तेव्हा पाच हजार, २०२२ च्या एप्रिलपर्यंत ती सहाशे होती. उशिराबद्दल महिन्याला पाचशे, ते पंधरा हजारांच्या आसपास. वर पर्यावरण कर, नवा विमा, टोइंग, प्रतिज्ञापत्रं. कागद साफ झाल्यावर स्क्रॅप केंद्रात देऊन टाका असा माझा सल्ला होता. हिशेबानं तो आजही बरोबर आहे. जुनी गाडी म्हणून किंमत वाढेल ही आशाही खोटी. सरकारच्या व्याख्येत व्हिंटेज व्हायला पन्नास वर्षं लागतात, म्हणजे देशातली पहिली मारुती ८००सुद्धा २०३३ च्या आधी व्हिंटेज नाही. आपल्याकडे जुन्या गाडीचं कौतुक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार येते, १९३६ सालची, दसऱ्याला दसरा चौकात मिरवते ती. मारुतीचं कौतुक करायला अजून कुणी रस्त्याच्या कडेला उभं राहत नाही.

ताईंनी माझा कागद वाचला, घडी करून गुरुजींच्या वहीत ठेवला.

तपासणी

सप्टेंबर २०२४. गाडी पुन्हा टोइंगवर चढून आरटीओत. विमा कंपनीला मृत्यूदाखला आणि संमतीपत्रं जोडून पत्र दिलं होतं, त्यामुळं नवी पॉलिसी ताईंच्या नावाची. पीयूसी उद्यमनगरातच झाली.

निरीक्षकांनी बॉनेट उघडायला सांगितलं. चासी नंबर आतल्या पत्र्यावर कोरलेला, गाळाचा पापुद्रा बसलेला. मेस्त्रींच्या पोरानं तो रॉकेलच्या फडक्यानं पुसला. त्यावर पांढरा कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली, तसे एकेक आकडे कागदावर उमटत गेले. वादातला आकडा उमटला तेव्हा आम्ही चौघं वाकून बघत होतो. तीन. निरीक्षकांनी बुक बघितलं, पडद्यावर बघितलं, कागद फाइलला लावला आणि दुरुस्तीचा शेरा लिहिला. तो आठ तीन व्हायला आणखी सोळा दिवस लागले.

मग हॉर्न, दिवे, वायपर. वायपर एकदाच अर्ध्यात थांबला. निरीक्षक म्हणाले, "गाडी कुणाची?"

ताई "वडिलांची" म्हणाल्या आणि मग घाईनं, "म्हणजे, माझी होणाराय."

ऑक्टोबरात आरसी कार्ड आलं. पहिल्या फोनपासून अकरा महिने. इंजिन सुटायला पाच दिवस लागले होते. कार्डावर मालकाच्या अनुक्रमांकात २. आरसीवर आता नॉमिनीचं नाव टाकता येतं, २०२१ पासून, हे मी ह्या वेळी विचारायची वाट न बघता सांगितलं. ताईंनी थोरल्या भावाच्या मुलीचं नाव दिलं. ती अठराची झालीय आणि रविवारी विद्यापीठाच्या रस्त्यावर क्लच जाळते.

२०२५ मध्ये जुन्या गाड्यांना नवी नंबरप्लेट सक्तीची झाली, तेव्हा साडेसातशेच्या आसपास आणि वर जीएसटी भरून ती अर्ध्या तासात बसली, कारण नाव, मोबाइल, चासी सगळं जुळत होतं. गल्लीतले दोघेजण वडिलांच्या नावावरच्या गाड्या घेऊन तिथंच अडले होते. त्यांना ताईंनी माझा नंबर दिला.

गाडीनं अलीकडे एकदाच त्रास दिला. इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा रबरी पडदा फुगून फाटला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल त्या जुन्या रबराला सोसत नाही. मेस्त्रींनी तो फाटका पडदा चिमटीत धरून दाखवला. "आपल्याच उसानं खाल्ला बगा," म्हणाले. नवा पडदा बसवला, नळ्या बदलल्या. वहीत त्या तारखेला ताईंच्या अक्षरात ओळ आहे: 'पंप. मेस्त्री मजुरी घेत नाहीत. पुढच्या वेळी घ्यायला लावणे.'